ठिपक्यांचं ठिगळ

एक होतं कडुलिंबाचं झाड. झाडात होती ढोली. ढोलीत राहायची टिल्ली.

टिल्ली म्हणजे इवलीशी खार. शेपटी मात्र भली मोठी!

टिल्लीची होती एक गोधडी. तळहाताएवढी. कुणाच्या सदऱ्याचे पट्टे. कुणाच्या लुंगीच्या चौकड्या. कुणाच्या परकराची फुलं. आणि मधोमध ठिपके. सगळं जुनं, सगळं मऊ.

एकदा वारा आला. भुर्रर्र! ठिपक्यांचं ठिगळ उसवलं. उडून गेलं. गोधडीला पडलं भोक. भोकातून आली थंडी. टिल्लीचं पोट झालं गारगार.

"आक्छी!" टिल्ली शिंकली. रात्रभर शिंकली.

सकाळ झाली. टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

धुरपदामावशी गोधड्या शिवत होती. सुई आत, सुई बाहेर. टुचुक टुचुक.

"मावशी, मावशी, गोधडी शिव. गोधडी शिवली, की माझं पोट गरम होईल."

मावशी म्हणाली, "माझी ना नाही गं बाई. मुळीच नाही. पण ठिगळ नको? पट्ट्यांशेजारी चौकड्या, चौकड्यांशेजारी फुलं, मधे ठिपके. तरच शोभा! हौसाकाकूकडून ठिपके आण. लगेच शिवते."

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

हौसाकाकू भोपळा चिरत होती. खच्च खच्च.

"काकू, काकू, ठिपके दे.
ठिपके मिळाले, की मावशी गोधडी शिवेल.
गोधडी शिवली, की माझं पोट गरम होईल."

काकू म्हणाली, "माझी ना नाही गं बाई. मुळीच नाही. ठिपक्यांचं लुगडं आहे माझ्याकडे. माहेरचं! ट्रंकेत जपून ठेवलंय, चांगल्या दिवसासाठी. त्याचा एक कोपरा देईन की. पण कात्री नको? शिंपीकाकांची कात्री आण. लगेच देते."

काकूच्या पुढ्यात विळी होती. चांगली धारदार. पण विळीने भोपळा चिरतात. लुगडं थोडंच?

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शिंपीकाका चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"काका, काका, कात्री द्या.
कात्री मिळाली, की काकू ठिपके देईल.
ठिपके मिळाले, की मावशी गोधडी शिवेल.
गोधडी शिवली, की माझं पोट गरम होईल."

काका म्हणाले, "माझी ना नाही गं पोरी. मुळीच नाही. पण कात्रीला धार नको? बोथट कात्री दिली, तर लोक मला नावं ठेवतील. समोरच्या चाचांना म्हणावं, धार लावा. लगेच देतो."

आणि काकांनी आणखी एक चहा मागवला.

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

इब्राहिमचाचा धार लावायच्या चाकाजवळ बसले होते. चाक करत होतं कुरकुर कुरकुर.

"चाचा, चाचा, धार लावा.
धार लागली, की काका कात्री देतील.
कात्री मिळाली, की काकू ठिपके देईल.
ठिपके मिळाले, की मावशी गोधडी शिवेल.
गोधडी शिवली, की माझं पोट गरम होईल."

चाचा म्हणाले, "माझी ना नाही गं बेटी. मुळीच नाही. पण चाकाला तेल नको? ऐक कसं कुरकुरतंय. द्वारकाताईच्या दुकानातून तेल आण. लगेच लावतो."

चाचांच्या डोक्यावर तेल होतं. चपचपीत! कपाळावर ओघळत होतं. पण ते केसांचं तेल. चाकाचं थोडंच?

ऊन उतरू लागलं. थंडी वाजू लागली. "आक्छी!"

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

द्वारकाताईच्या मांडीवर होतं बाळ. बाळ रडत होतं. ट्यँहा ट्यँहा.

"ताई, ताई, तेल दे.
तेल मिळालं, की चाचा धार लावतील.
धार लागली, की काका कात्री देतील.
कात्री मिळाली, की काकू ठिपके देईल.
ठिपके मिळाले, की मावशी गोधडी शिवेल.
गोधडी शिवली, की माझं पोट गरम होईल."

ताई म्हणाली, "माझी ना नाही गं बाई. मुळीच नाही. पण बाळ झोपायला नको? हे झोपलं, की लगेच देते."

तेलाचा डबा ताईच्या कोपराशी होता. अगदी कोपराशी. पण कोपर हलवायचं कुणी?

टिल्ली चढली मांडीवर. टुणकन!

"बाळा, बाळा, झोप ना.
बाळ झोपलं, की ताई तेल देईल.
तेल मिळालं, की चाचा धार लावतील.
धार लागली, की काका कात्री देतील.
कात्री मिळाली, की काकू ठिपके देईल.
ठिपके मिळाले, की मावशी गोधडी शिवेल.
गोधडी शिवली, की माझं पोट गरम होईल."

बाळाला बोलता येत नव्हतं. त्यामुळे "माझी ना नाही" म्हणता येईना. "पण" तर मुळीच म्हणता येईना. मग बिचारं काय करणार? बाळाने टिल्लीची शेपटी धरली. गच्च!

टिल्लीला दुखलं. खूप दुखलं. पण ओरडलं, तर बाळ रडणार. टिल्ली गप्प बसली.

शेपटी मऊ मऊ. बाळ हसलं. खुदुखुदु. मग जांभई दिली. मग डोळे मिटले. मूठ सुटली.

बाळ झोपलं!

बाळ झोपलं, ताईने तेल दिलं. टपक!
तेल मिळालं, चाचांनी धार लावली. खर्रर्र!
धार लागली, काकांनी कात्री दिली. घे!
कात्री मिळाली, काकूने ट्रंक उघडली. कर्रर्र!

काकूने लुगडं उलगडलं. अरेरे!

लुगड्याला कसर लागली होती. बारीक बारीक किडे! त्यांनी लुगडं खाल्लं होतं. इकडे भोक, तिकडे भोक. नुसती चाळणी!

काकूला रडू आलं. खरंखरं रडू आलं. किती सण आले, किती सण गेले. काकू लुगडं नेसलीच नव्हती. नेसली, तर मळेल ना!

एक कोपरा तेवढा अख्खा होता. नखाएवढा.

टिल्लीने पाहिलं. काकूनेही पाहिलं.

"एवढंच राहिलंय गं," काकू म्हणाली. "हे तरी जपून ठेवते." आणि ती ट्रंकेचं झाकण लावू लागली. कर्रर्र...

"आक्छी!" टिल्ली शिंकली.

काकू थांबली. टिल्लीच्या पोटाला हात लावला. बाई गं! केवढं गार!

"कसरीने मला विचारलंसुद्धा नाही," काकू म्हणाली. "सगळं खाऊन बसली. आणि तू वणवण फिरलीस. नखाएवढ्या तुकड्यासाठी. कात्री कुठाय?"

कच्च!

ठिपके मिळाले, मावशी गोधडी शिवू लागली. सुई आत, सुई बाहेर. टुचुक टुचुक. पट्ट्यांशेजारी चौकड्या. चौकड्यांशेजारी फुलं. मधे ठिपके.

टिल्ली ढोलीत शिरली. गोधडी ओढली. भुर्रर्र, वारा आला. गोधडीशी घुटमळला. आत शिरायला भोकच नव्हतं!

टिल्लीचं पोट गरम झालं. शिंक आली नाही. झोप आली.

दुसऱ्या दिवशी हौसाकाकू भाजी आणायला निघाली. अंगावर कोरं करकरीत लुगडं. हिरव्या पट्ट्यांचं. तेही ट्रंकेतलंच, पण अख्खं. सळसळ सळसळ.

शिंपीकाकांनी चहा खाली ठेवला. चाचांचं चाक थांबलं. द्वारकाताई बाळाला घेऊन दारात आली.

"अगं काकू, आज काय सण आहे?"

"सण कसला?" काकू म्हणाली. "मंगळवार आहे."

आणि काकू ऐटीत मेथीची जुडी घेऊन आली.

दोरा संपला, गाठ मारली. गोष्ट आपली शिवून झाली.