एडक्याच्या अंगावरचं सोनं

फार पूर्वी पश्चिम समुद्राकाठी रोमक नगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी सीमेवरच्या डोंगरात एडक्याचा जन्म घेतला होता. कळपात दोनशे मेंढ्या होत्या आणि एकही या एडक्याच्या शब्दाबाहेर नव्हती.

त्या राजाला सोनं कधी पुरत नसे. पुरणार कसं? त्याच्या नगरीला मिरी हवी, मलमल हवी, आणि आपल्याकडचे व्यापारी तर सोन्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावीत नसत! खजिन्याचा तळ दिसू लागला, तेव्हा राजाने आपल्या निकोर नावाच्या कोषाध्यक्षाला सोन्याचा उगम शोधायला डोंगरात धाडलं.

तिथे झाडांवर मेंढ्यांची कातडी वाळत होती आणि त्यांची लोकर सोन्याच्या कणांनी चमकत होती. कळपाची धनगरीण मेलिका शेजारीच बसली होती.

"बाई, हे सोनं येतं कुठून?" निकोरने विचारलं.

परक्याला खरं सांगायचं नाही, हा डोंगरातला दंडक. त्यातून मेलिका मोठी मिश्कील. "अहो, एडक्या-मेंढ्यांच्या अंगावर पिकतं की!" ती म्हणाली.

निकोरने ते खरं मानलं. शेजारून नदी खळखळत होती, तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

आठच दिवसांत राजा स्वतः सैनिक घेऊन आला. सगळा कळप सोलून काढा, अशी आज्ञा झाली. मेलिकेच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा एडका पुढे आला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"महाराज, आधी माझं कातडं काढा. आत सोनं नाही निघालं, तर बाकीच्यांना सोडून द्या."

राजा चकित झाला. "म्हणजे सोनं कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. सांग, तुला आणि कळपाला सोडतो."

"ठाऊक आहे. पण ते गुपित या डोंगरातल्या लोकांचं आहे, माझं नाही. मी सांगितलं तर उद्या तुम्ही त्यांना गुलाम कराल. माझं कातडं तेवढं माझं आहे, ते घ्या."

एवढं बोलून एडक्याने मान पुढे केली. सैनिकाने सुरा उचलला, तशी मेलिका एडक्याला जाऊन बिलगली.

"थांबा! माझीच जीभ झडो! मी थट्टा केली होती. हा माझ्या ओंजळीतून दूध पिऊन वाढलाय हो! सोनं नदीत आहे, महाराज. आम्ही प्रवाहात कातडी अंथरतो. वाळू वाहून जाते, सोन्याचे कण लोकरीत अडकतात. नदी घ्या, पण माझ्या लेकराला सोडा."

राजाने सैनिकाच्या हातातला सुरा घेऊन नदीत टाकला.

"सोनं कुठून येतं, एवढंच मी आजवर विचारलं," तो म्हणाला. "कुणाच्या जिवावर येतं, हे कधी विचारलं नाही. मला लाज वाटते."

नदी डोंगरातल्या लोकांचीच राहिली. सोन्याचा दहावा हिस्सा ते आपणहून राजाला देऊ लागले आणि कळपाला अभय मिळालं. निकोरला मात्र राजाने वर्षभर तिथेच कातडी धुवायला ठेवलं, आणि ते बरंच झालं.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा निकोर म्हणजे ऐकीव गोष्टीवर विहारात भांडण लावणारा हा आपला भिक्षू सोणक. तेव्हाचा राजा आज श्रेष्ठी नंदिय आहे, मेलिका ही समोर बसलेली उपासिका उत्पला, आणि तो एडका मीच होतो."

सोणकाने मान खाली घातली. उत्पला रडता रडता हसली. त्या दिवशी एडक्याने मान पुढे केली ती ज्या गुणाच्या बळावर, त्याचं नाव करुणा.