धवळीचे दोन डोळे

एका राज्यात, बरं का, राजवाड्याच्या भिंतीवर द्राक्षाची एक वेल होती. नाव धवळी. पांढऱ्या द्राक्षांची ही जात त्या मातीतलीच, दुसरीकडे लावली की मरायची. तिचं आसव घोटभर घ्यावं, तर आधी पिकल्या पेरूचा वास, मग जिभेवर ओल्या दगडाचा गारवा. राजाचा वेलीवर इतका जीव, की त्याने दवंडी पिटली: धवळीला कात्री-कोयत्याचं लोखंड लावेल त्याचं डोकं उडेल.

एकदा जादूगार कालंभटाने पेलाभर आसव मागितलं. राजाने त्याला हाकललं. जाताना तो म्हणाला, "माळी दोन डोळे ठेवील, तेव्हाच धवळी फळेल."

सात वर्षं नुसता पाला. शेवटी दरबाराने ठरवलं, म्हाळोजी माळ्याचे डोळे काढायचे आणि वेलीच्या बुंध्याशी ठेवायचे. मुदत तीन दिवस.

म्हाळोजीची लेक भिवरा. तिने पदर खोचला. "बाबांचे डोळे जागच्या जागी राहतील," म्हणाली आणि शाप उतरवून घ्यायला कालंभटाकडे निघाली. वाटेत साळुंकी बोलली, "कालंभट तीन कामं सांगतो, पोरी. आजवर कुणी दुसऱ्याच्या पुढं गेलं नाही."

"मग तिसरं काय असतं ते मीच येऊन सांगते तुला."

कालंभटाने शंभर रांजण दाखवले. "राजाने दिलं नाही, ते मी जादूनं आणलं. यात धवळीचं कुठलं?"

भिवराने एकेक हुंगला. एकोणसत्तराव्याशी थांबली. "हे. आणि झाकण नीट लावत जा, वास उडतोय."

दुसरं काम विहिरीच्या तळाशी होतं: तिथली कात्री वर आणायची. तिथे नाग छाटणीच्या कात्रीवर वेटोळं घालून बसला होता.

"भीती नाही वाटत?" नाग म्हणाला.

"वाटते. जरा सरका."

नाग सरकला. कात्री घेऊन ती वर आली.

"तिसरं," कालंभट म्हणाला, "ही कात्री घरी ने. माझा शाप माळ्याच्या कानाने ऐक, आणि ऐकशील ते कर."

भिवरा चालत राहिली. शाप ओठांत घोळवत राहिली. दोन डोळे ठेवील... दोन डोळे ठेवील... आणि टेकडीवर पाय थबकले. अगं बाई, काडीवर जिथून कोंब फुटतो, त्याला माळी डोळाच म्हणतात की. दुसऱ्या वेली छाटताना बाबा सांगायचे, दोन डोळे ठेव, बाकी काडी काप.

ती पोचली तेव्हा म्हाळोजीला बुंध्याशी बसवलं होतं, शिपाई सळई तापवत होते. भिवरा सरळ वेलीवर चढली. खाट्. पहिली काडी पडली.

राजाने तलवार उपसली. "हात आवर."

"डोकं उडवा हवं तर, पण दहा काड्या होऊ द्या."

खालून म्हाळोजी रडत हसला. "जन्मभर 'दोन डोळे ठेव' म्हणत आलो गं मी. पण भीतीनं मीही तो शाप दरबाराच्याच कानांनी ऐकला."

खाट्, खाट्. दहावी काडी पडली आणि ठेवलेले डोळे फुटले. कोंब आले, मोहोर आला, हिरवट पांढरे घड लोंबले. वाड्याच्या अंगणात पेरूचा वास पसरला. शिपायांनी सळई पाण्यात बुडवली.

राजाने तलवार म्यान केली. "माग काय हवं ते."

"हुकूम मागे घ्या, महाराज. आणि जरा बाजूला व्हा. अर्धी वेल अजून छाटायची राहिलीय."

राजा बाजूला झाला. जशी धवळी फळली, तशी ऐकणाऱ्याची वेल फळो.