हाकबंदी

बालमित्रांनो, एका रुंद नदीच्या काठी मोठे जंगल होते आणि त्या जंगलात भेकरांचे एक जोडपे राहत असे. भेकर म्हणजे लहानखुरे हरीण; पण त्याचा आवाज मात्र कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खणखणीत. दिवसभर दोघे वेगवेगळ्या उतारांवर चरत. ऊन कलले की भेकर हाक देई, "आहेस ना?" आणि भेकरी पलीकडच्या उतारावरून उत्तर देई, "आहे, आहे!" एवढेच त्यांचे बोलणे. पण ते झाल्याशिवाय दोघांनाही गवत गोड लागत नसे.

त्या जंगलाचा राजा होता वाघ आणि प्रधान होता कोल्हा. एकदा भर दरबारात कोल्हा म्हणाला, "महाराज, नदीपलीकडच्या जंगलात एक अस्वल फार माजले आहे. तिथली जनावरे रोज रडतात. त्यांना सोडवणे आपले कर्तव्य आहे."

"त्यांनी आपल्याला बोलावले आहे का?" एका म्हाताऱ्या कासवाने मान बाहेर काढून विचारले.

"आजोबा, रडणाऱ्याच्या बोलावण्याची वाट पाहायची नसते," कोल्हा हसून म्हणाला.

सगळ्यांना ते पटले. खरे सांगायचे तर भेकरीलाही पटले. गवे निघाले, रानडुकरे निघाली आणि सर्वांत तिखट कानांचा म्हणून भेकरालाही पुढे काढले. चैत्राचे दिवस होते, नदीला गुडघाभर पाणी होते. भेकर पाण्यात उतरला आणि मागे वळून म्हणाला, "करवंदे पिकायच्या आत येतो. रोज हाक देत जा. वारा तिकडेच वाहतो, मला ऐकू येईल."

सैन्याने अस्वलाला दोन दिवसांत पिटाळले. इकडे मोठा उत्सव झाला. पण अस्वलाची गुहा रिकामी होताच तिच्यासाठी लांडगे आणि तरस आपसात भांडू लागले, आणि त्या झोंबाझोंबीत ससे, पाडसे, रानकोंबड्या पायांखाली चिरडल्या जाऊ लागल्या. "आता सैन्य मागे आणले तर केलेले सगळे वाया जाईल," कोल्हा म्हणाला. सैन्य तिथेच राहिले. करवंदे पिकली आणि गळून गेली. नदी दुथडी भरून वाहू लागली.

मग कोल्ह्याने नवीच भीती घातली. पलीकडचे चिडलेले शत्रू नदी ओलांडून आपल्यात शिरतील! त्यासाठी हुकूम निघाले. पाण्यावर तिघांहून अधिक जणांनी जमायचे नाही. प्रत्येक बिळाला एकच तोंड ठेवायचे, मागची वाट मातीने बुजवायची. आणि पहाऱ्यावरच्या रानकुत्र्यांनी वाटेल तेव्हा आत डोके घालून हुंगायचे. आणि कोणी हाक मारायची नाही, कारण हाकेवरून शत्रूला माग लागतो.

"थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे," कोल्हा समजावत फिरला. "ज्याच्या मनात काही नाही, त्याने कशाला भ्यायचे?"

साळिंदरीने डोळे पुसत आपल्या बिळाची मागची वाट बुजवली. "माझ्या आजीने उकरली होती ग ही," ती भेकरीला म्हणाली.

हुकूम येईपर्यंत भेकरी रोज हाक देत असे; आता ती संध्याकाळी काठावर जाऊन उभी राही. एकदा तिला राहवले नाही. तिने तोंड उघडले आणि अर्धी हाक निघाली न निघाली तोच रानकुत्र्यांनी तिला घेरले. दोन दिवस एका कपारीत पाण्याविना कोंडले.

"कोणाला इशारा देत होतीस?"

"माझ्या घरधन्याला. मी आहे, एवढेच सांगायचे होते."

"सगळे एवढेच सांगतात," रानकुत्रा म्हणाला.

त्यानंतर ती नुसती उभी राही. घशापर्यंत आलेली हाक पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकी. पलीकडच्या झाडांत काही हलले की तिचे कान टवकारत. चरताना ती अर्धे गवत तसेच ठेवून पुढे जाई. त्याच्यासाठी राखायची जुनी सवय होती. थंडी आली, थंडी गेली, उतारावरचे गवत वाळून पिवळे पडले, तरी तिची ती सवय काही मोडली नाही.

पुढच्या चैत्रात, भर दुपारी, तिला धुराचा वास आला. वरच्या कड्यावरून वणवा उतरत होता. सारे जंगल उन्हाच्या वेळी बिळांत आणि करवंदीच्या जाळ्यांत निजले होते. जवळच रानकुत्रा बसला होता. "खबरदार!" तो गुरगुरला. "आधी प्रधानजींना विचारू."

भेकरीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. इतके महिने गिळलेला सगळा आवाज तिच्या छातीतून उसळला. ती भुंकत सुटली, या उतारावरून त्या उतारावर, घसा फुटेपर्यंत. ससे उठले, मोर उडाले, गुहेतला वाघसुद्धा दचकून नदीकडे पळाला. तोंडाशी आग पोचलेली बिळे मात्र तशीच राहिली. त्यांना दुसरी वाट नव्हती. त्यांत साळिंदरीचे बीळ होते.

आग विझल्यावर वाघाने भेकरीला बोलावले. त्याच्या मिशा जळाल्या होत्या. "तू माझा जीव वाचवलास. आजपासून तुला हाक मारायची परवानगी," तो म्हणाला.

भेकरी म्हणाली, "महाराज, परवानगी नको. हाक माझीच होती. सगळ्यांच्या हाका सगळ्यांना परत द्या, आणि आमची माणसे घरी आणा."

राखेत उभ्या असलेल्या जनावरांपैकी कोणीच मान खाली घातली नाही. वाघाने पहिल्यांदाच कोल्ह्याकडे न पाहता उत्तर दिले. हुकूम उठले. सैन्याला निरोप गेला.

सैन्य परत आले तेव्हा भेकरी पहाटेपासून काठावर होती. गवे आले, पण गेले होते त्यांच्या निम्मेच. मागून रानडुकरे आली. शेवटी एक लंगडणारा डुक्कर तिच्यासमोर थांबला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"दादा, तो मागून येतोय का?"

"नाही, वहिनी. थंडीत लांडग्यांनी त्याला घेरले. जखम भरली नाही."

भेकरीने नदीपलीकडे पाहिले. मग तिने विचारले, "माझी आठवण काढायचा?"

डुकराला खोटे बोलता आले असते. पण तो म्हणाला, "रोज ऊन कलले की नदीकडे कान लावून बसायचा. पावसाळ्यानंतर म्हणू लागला, हाक येत नाही. ती मला विसरली असेल. मग बसायचा बंद झाला."

"मी विसरले नव्हते हो," भेकरी म्हणाली. "मला बोलू देत नव्हते."

त्या संध्याकाळी ती काठावर गेली. आता पहारा नव्हता. तिने हाक दिली, "आहे, आहे!" नदीवरून आवाज पार पलीकडे गेला. थोड्या वेळाने तिकडच्या झाडांतून उलट हाक आली. ती त्याची नव्हती, हे भेकरीने पहिल्याच सुरात ओळखले. पलीकडची कुणी भेकरी होती. तीही आपल्या कुणाला तरी शोधत होती. भेकरीने डोळे मिटले आणि तिला उत्तर दिले.

तात्पर्य : न बोलावता दुसऱ्याच्या घरी न्याय करायला निघालेली सत्ता आपल्याच घरच्यांचा आवाज काढून घेते, आणि भीतीपोटी सोडून दिलेला हक्क एखादे दिवशी परत मिळाला, तरी त्या काळात हरवलेले आपले माणूस परत मिळत नाही.