यल्लव्वाची पाठ

"मग ती खोटं बोलते, असंच म्हणायचं ना, बुवा?"

निरंजनबुवा पत्रावळ लावत बसले होते. त्यांनी पान उलटून पाहिलं, काडी टोचली.

विचारणारा होता डॉक्टर मिहीर वर्तक. हाडांच्या डॉक्टरकीत पहिला आलेला, आणि आपण पहिले आलो हे समोरच्याला दुसऱ्याच वाक्यात कळवणारा. बुवाही मठात येण्याआधी तीस वर्षं हाडांचे डॉक्टरच होते. अजूनही दर गुरुवारी कोंडवलीच्या मठात ते पाठीची दुखणी तपासत. मिहीर त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता. शिकायला म्हणजे, त्याच्या मते, म्हाताऱ्याचं जुनं ज्ञान जरा घासूनपुसून द्यायला.

दाराशी यल्लव्वा उभी होती. जतकडची बाई. चिरेखाणीवर ट्रक भरायची, तीस-तीस किलोचा एकेक चिरा उचलून. तीन वर्षं तिची कंबर दुखत होती. आता मुकादमाने डॉक्टरची चिठ्ठी मागितली होती. पाठ ठीक असेल तर उद्या सकाळपासून पुन्हा चिरे उचलायचे. मणका सैल असेल तर मजुरांच्या स्वयंपाकाला बसायचं. चिठ्ठी मिहीर लिहिणार होता.

"एक्स-रे काढले," तो म्हणाला. "पुढे वाकवून, मागे झुकवून. मणके एका ओळीत आहेत. मग पालथी घालून तपासलं. पोट टेबलावर, पाय खाली. मणक्यावर दाब दिला, दुखलं नाही. पाय वर उचलायला लावून पुन्हा दाब दिला, तेव्हाही नाही."

"आणि सैल असता तर?"

"तर पाय खाली असताना दुखलं असतं आणि उचलल्यावर थांबलं असतं. पाठीचे स्नायू आवळले की मणका जागच्या जागी धरला जातो." मिहीरने हे एका दमात म्हणून टाकलं. "तीन वेळा केलं, बुवा."

"कधी दुखतं, बाई?" बुवांनी दाराकडे पाहत विचारलं.

"वाकून उठताना, बाबा. मधीच कळ येती. मग मांडीवर हात टेकत टेकत वर यावं लागतंय." यल्लव्वाने मिहीरकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पर ह्यांनी दाबलं तवा न्हाई दुखलं. खरं ते सांगाय पायजे न्हवं…"

इथे मिहीर पहिल्यांदा घोटाळला. खोटं बोलणारी बाई स्वतःच्याच विरुद्ध साक्ष कशाला देईल?

बुवा उठले. अंगणात कुंपणाच्या गडग्याचे सुटे चिरे पडले होते, त्यातला एक पोटाशी धरून धापा टाकत आत आणला आणि तपासणीच्या टेबलाच्या पायथ्याशी ठेवला. पुन्हा बाहेर गेले. आता हे पूजा मांडतात की काय, असं मिहीरला वाटलं. दुसऱ्या चिऱ्याला मात्र त्याने हात लावला. तेवढी लाज होती.

"पालथी हो, बाई. पोट टेबलावर टाक. पाय ह्या चिऱ्यांवर टेकव."

यल्लव्वा ठेंगणी होती. आता तिची पावलं पुरती टेकली.

"अंग सोड."

"सोडलंय, बाबा."

"नाही सोडलंस."

…

बुवा थांबले. मिहीरने घड्याळ पाहिलं. बाहेर कुणीतरी बादली आपटली, विहिरीवरचं बोलणं ऐकू आलं आणि थांबलं. बऱ्याच वेळाने यल्लव्वाचे खांदे खाली आले आणि तिने लांब श्वास सोडला.

बुवांनी मिहीरचाच हात धरून तिच्या कमरेच्या मणक्यावर ठेवला.

"दाब."

त्याने दाबलं.

"आई गं…"

"आता पाय उचल, बाई. उचलून धर. डॉक्टर, दाब पुन्हा."

त्याने दाबलं. मग त्यानेच विचारलं,

"दुखतंय?"

"न्हाई."

तेच टेबल, तोच मणका, हातसुद्धा त्याचाच. जास्तीचे काय ते दोन चिरे. मिहीरने मघाच्या तीन वेळा आठवून पाहिल्या. तिची पावलं तेव्हा कुठे होती? त्याला काही केल्या आठवेना. त्याने पाहिलीच नव्हती. एवढ्या उंच टेबलावरून ती अधांतरीच लोंबत असणार, आणि पडू नये म्हणून बिचारीने पाठ आधीच आवळून धरली असणार. मग दुखणार कसं? एक्स-रेच्या वेळीही भीतीने तसंच केलं असेल का?

त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षा गोंधळ मोठा होता, आणि हुशार माणूस गोंधळला की फार बोलतो.

"बुवा, पण हे उलटंच झालं. अंग सोडलं की दुखतं, आवळलं की थांबतं. मग चिरा उचलताना ती आवळूनच धरते ना? म्हणजे कामाला पाठवायला हरकत नाही?"

मिहीरने स्वतःच मान हलवली.

"नाही, नाही. मणका तर सैल आहे. मग ती तीन वर्षं चिरे उचलत कशी होती? ताकद नसती तर पहिल्याच दिवशी बसली असती. आणि ताकद आहे तर आजार कसला? चिठ्ठीत मी लिहू काय? धड आहे म्हणून, की अधू आहे म्हणून?"

…

"काहीतरी बोला, बुवा. माझ्या एका शब्दावर बाई उद्या ट्रकपाशी उभी राहणार आहे." त्याचा आवाज चढला होता, आणि तो बुवांवर नाही, स्वतःवरच चिडला होता हे त्यालाही कळत होतं. "बरं, एवढंच सांगा. माणूस असं आवळून किती वेळ धरू शकतो? ते कळायला कुठली परीक्षा आहे? मी पुस्तकं धुंडाळली. प्रत्येकात निराळंच लिहिलंय."

बुवांनी टेबलाकडे बोट केलं.

यल्लव्वाचे पाय थरथरत होते. दातांत पदर धरून ती भिंतीकडे बघत होती.

"पाय खाली घे म्हणून तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, डॉक्टर."