निफाडकर काकांची अट

सोसायटीचे अध्यक्ष निफाडकर म्हणजे पार्किंगचे सम्राट. मृण्मयीनं विजेची गाडी घेतली आणि घरच्या चार्जरसाठी परवानगी मागितली, तेव्हा ते भर सभेत म्हणाले, "वाटेत चार्ज करत बसावं लागतं, ती गाडी कसली? कोल्हापूरला न थांबता नेऊन दाखव, मग बसव चार्जर."

मृण्मयी खुर्ची सरकली तरी दचकणारी. पण परवानगी नाही म्हणजे गाडी विकणं आलं. "चालेल काका," ती चाचरत म्हणाली. "साक्षीला तुम्हीच शेजारी बसा. मी गाडीसाठी कुठंही थांबणार नाही. तुम्ही थांब म्हणाल तेवढ्यातच चार्ज करीन."

"मी कशाला थांबतोय?"

सोसायटीच्या सहलीची बस कोणापायी सारखी थांबली होती, ते आठवून सभा जमिनीकडं बघू लागली.

रविवारी दोघं पुण्याहून निघाले. शिरवळला काकांना चहा हवा झाला, साताऱ्याला बाथरूम, कराडला मिसळ आणि मिसळीमुळं पुढं पुन्हा बाथरूम. दर वेळी गाडी हॉटेलाबाहेरच्या चार्जरला.

कोल्हापुरात उतरताना काकांनी मुकाट्यानं परवानगी दिली.

"परतीला जरा धीर धरा हं काका," मृण्मयी हळूच म्हणाली, "आता हिच्या बॅटरीत मावत नाही."