हातोडा ज्याच्या हाती

फार पूर्वी, सातासमुद्रापलीकडे, लोखंड ओतणाऱ्यांचं एक गाव होतं. अख्ख्या देशाचे नांगर तिथल्या भट्ट्यांतून निघत. गावची एक रीत होती. सभेत हातोडा ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं. तो खाली ठेवीपर्यंत बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं.

पुढे राजधानीतल्या शहाण्यांनी परमुलखातून स्वस्त लोखंड आणायला सुरुवात केली. गावातल्या भट्ट्या एकेक करून विझल्या. कर्तीसवरती माणसं घरांना कुलपं लावून निघून गेली.

तेव्हा गावचा म्हातारा लोहार हातोडा घेऊन राजधानीत गेला. "आमचं गाव मरतंय हो," एवढंच बोलला, तर शहाणे हसले.

"आजोबा, ते धूड बाहेर ठेवा, फरशी फुटेल! जग बदललं आता. अत्तरं करायला शिका."

"सत्तराव्या वर्षी?"

पण तोवर त्यांनी पुढच्याला हाक मारली होती.

काही दिवसांनी गावात जरीच्या कोटातला एक माणूस आला. लोहाराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं दिवसभर ऐकून घेतलं. म्हाताऱ्यानं हातोडा खाली ठेवला तेव्हा म्हणाला, "बाबा, तुमचा घास कुणी पळवला? नदीपल्याडच्या त्या उपऱ्या विणकरांनी! मला कारभारी करा, आठ दिवसांत भट्ट्या पेटवतो."

लोहाराची बायको म्हणाली, "अहो, ते बिचारे मागावर कापड विणतात. त्यांचा लोखंडाशी काय संबंध?"

"कळतंय गं मला. पण माझं पुरतं ऐकलं ते यानंच."

त्यानं हातोडा त्या माणसाला दिला. गावानं हात वर करून त्याला कारभारी नेमलं.

कारभाऱ्यानं हातोडा खाली ठेवलाच नाही. वर्षभर एकटाच बोलत राहिला आणि रीत पाळणारं गाव गप्प ऐकत राहिलं. ऐकून ऐकून डोकी तापली. एके दिवशी लोकांनी जाऊन विणकरांचे माग मोडले. विणकर पोरंबाळं घेऊन परागंदा झाले. भट्ट्या मात्र थंडच.

मग शहाणे धावत आले. "कसली अडाणी माणसं तुम्ही! असल्याला कारभारी करतं का कुणी?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. बायको उठली आणि तिनं कारभाऱ्याच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"चुकलं आमचं. विणकरांना शोधून त्यांच्या पाया पडायला निघालोय आम्ही. पण आम्हाला अडाणी म्हणायला एवढ्या लांब आलात, आणि हे तुमच्या दारात आले तेव्हा घटकाभर ऐकवेना? बसा खाली. मी बोलते."

शहाणे बसले.

तात्पर्य: पोळलेल्याचं गाऱ्हाणं शहाण्यानं ऐकलं नाही, तर लबाड ऐकतो, आणि त्याची झळ तिसऱ्याच गरिबाला लागते. एवढंही ज्याला कळत नाही, त्यानं स्वतःला शहाणा म्हणवून घेऊ नये.