चेअरमनसाहेबांनी सांधलेली टाकी

खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या होडीच्या इंजिनाची प्लास्टिकची टाकी तडकली. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन विश्राम तांडेल म्हणजे सर्वज्ञ! नवी टाकी कशाला, म्हणत त्यांनी स्वतः तड्यावर पट्टी चिकटवली, पेट्रोल भरवलं आणि उतारूंना बसायला फर्मावलं.

पण पट्टीखाली ओलच ओल. कुणी म्हणे पेट्रोल, कुणी म्हणे पाणी. एकानं हुंगून पाहिलं, तर चेअरमन गरजले, “वास जुना आहे! ओल खाडीच्या पाण्याची. मला शिकवता?” झालं! हुंगणाऱ्यालाच आपल्या नाकाची शंका यायला लागली. एक पाय होडीत, एक धक्क्यावर, असे सगळे गोंधळून उभे.

होडी चालवणाऱ्या गुणाबाईनं हात जोडले. “साहेब, दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला इंजिनाची पूजा करायची आपली रीत. टाकी सांधली तुम्ही, तेव्हा मान तुमचा. लावा उदबत्ती.”

चेअरमन ऐटीत होडीत चढले. काडेपेटी उघडून काडी काढली, टाकीकडे पाहिलं, आणि हात जागीच थबकला.

“ओढा ना,” गुणाबाई म्हणाली, “पाणीच आहे. फार तर काडी विझेल.”

चेअरमननी काडेपेटी खिशात कोंबली आणि सगळ्यांच्या आधी धक्क्यावर उडी मारली.